लिनक्स कर्नलची लिस्ट.एच: साखळी पक्की, नावं कच्ची

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लिनक्सवर चालणारा गेटवे किंवा डेटा लॉगर बनवताना स्वतःचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहायची वेळ आली, की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच एक हेडर फाइल उघडावी लागते: कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, इन्क्लूड/लिनक्स फोल्डरमधली लिस्ट.एच. वस्तूंच्या याद्या बनवायची तयार साधनं तिच्यात आहेत. ती फुकट मिळते, कर्नलसोबतच येते आणि सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. त्यामुळे वापरण्याची वस्तू म्हणून तिचं परीक्षण सहसा होत नाही. ते इथे केलं आहे, आणि भर एकाच गोष्टीवर आहे: या फाइलच्या आधारे लिहिलेला कोड सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाला वाचता येतो का? यंत्रणेला पाचपैकी पाच गुण. वाचनीयतेला तीन. उरलेले दोन वापरणाऱ्याला मिळवता येतात, आणि ते कसे हाच या लेखाचा मोठा भाग आहे.

फंक्शन आणि मॅक्रोंची (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये उलगडणाऱ्या तयार तुकड्यांची) नावं खाली देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये तीच नावं उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत शोधावीत.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. कॉलेजात शिकवली जाणारी लिंक्ड लिस्ट म्हणजे एक नोड, त्यात डेटा आणि पुढच्या नोडचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. कर्नलमध्ये हे उलटं आहे. लिस्ट_हेड नावाच्या स्ट्रक्चरमध्ये फक्त दोन पॉइंटर असतात, नेक्स्ट आणि प्रीव्ह. ६४ बिट मशीनवर १६ बाइट, ३२ बिटवर ८. हे छोटं स्ट्रक्चर आपल्या डेटाच्या पोटात बसवायचं. लासलगावला कांद्याची रेक लागते तेव्हा प्रत्येक वाघिणीचा कपलर त्या वाघिणीलाच जोडलेला असतो आणि रेक बनते ती कपलरला कपलर अडकवून. इथेही तसंच. साखळी कपलरांची असते. हातात कपलर आला की त्याचं वाघिणीतलं ठरलेलं अंतर वजा करून वाघीण कुठे सुरू होते ते काढायचं. हे काम कंटेनर_ऑफ हा मॅक्रो करतो. लिस्ट_एंट्री हे त्याचंच दुसरं नाव.

यामुळे तीन फायदे होतात. नोडसाठी वेगळी मेमरी मागावी लागत नाही, म्हणजे लिस्टमध्ये टाकताना अपयश येण्याचा प्रश्नच उरत नाही. एकच वस्तू एकाच वेळी चार याद्यांत राहू शकते. स्ट्रक्चरमध्ये चार लिस्ट_हेड ठेवले की झालं. आणि यादी वर्तुळाकार असल्यामुळे ‘पहिला नोड काढायचा असेल तर’ किंवा ‘शेवटचा असेल तर’ असे वेगळे इफ लिहावे लागत नाहीत. यंत्रणेबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. ती वर्षानुवर्षं तावूनसुलाखून निघाली आहे.

अडचण सुरू होते ती इथून पुढे. यादीचं टोक (जिथून यादी सुरू होते तो डेटाबाहेरचा कपलर) आणि यादीतला नोड, दोन्हींचा प्रकार एकच: लिस्ट_हेड. हा या डिझाइनचा सगळ्यात मोठा वाचनदोष आहे. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाउसमधल्या प्रीकूलिंग खोल्यांसाठी समजा ड्रायव्हर लिहायचा आहे. खोली हे एक स्ट्रक्चर, सेन्सर हे दुसरं. दोन्हींत ‘लिस्ट’ नावाचं फील्ड आहे, आणि असा कोड पावलोपावली दिसतो. आता वाचणाऱ्याने काय समजायचं? खोलीतलं ‘लिस्ट’ हे त्या खोलीच्या सेन्सरांचं टोक आहे, की सगळ्या खोल्यांच्या यादीतला तिचा स्वतःचा नोड? स्ट्रक्चर पाहून कळत नाही. त्यासाठी सगळी फाइल शोधून लिस्ट_ॲड कुठे आहे ते पाहावं लागतं.

कर्नलच्या गाभ्यातही याचं उदाहरण आहे. प्रत्येक प्रोसेसच्या टास्क_स्ट्रक्टमध्ये चिल्ड्रन आणि सिब्लिंग अशी दोन लिस्ट_हेड शेजारीशेजारी आहेत. चिल्ड्रन हे माझ्या मुलांच्या यादीचं टोक, तर सिब्लिंग हा माझ्या आईबापाच्या यादीतला माझा नोड. मुलांवरून फिरताना टोक म्हणून चिल्ड्रन द्यायचं आणि फील्ड म्हणून सिब्लिंग. पहिल्यांदा वाचणारा इथे हमखास अडखळतो, पण एकदा कळल्यावर ही नावं चांगलीच वाटतात, कारण दोन वेगळ्या भूमिकांना दोन वेगळे शब्द मिळाले आहेत. दोन्हींना ‘लिस्ट’ म्हटलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं.

म्हणून पहिली सुधारणा नावांची. टोकाला अनेकवचन द्यावं, नोडला तो कोणत्या यादीत बसतो ते सांगणारं नाव द्यावं, आणि नोडच्या वर एका ओळीची टीप लिहावी: कोणत्या टोकाला जोडतो आणि कोणत्या लॉकखाली (लॉक म्हणजे एका वेळी एकालाच यादीला हात लावू देणारं कुलूप). आपल्या उदाहरणात खोलीत ‘सेन्सर्स’, सेन्सरमध्ये ‘खोली_नोड’, आणि टीप: ‘खोली->सेन्सर्स मध्ये, खोली->लॉक धरून’. एवढ्याने वाचणाऱ्याचा निम्मा शोध वाचतो.

याच दोषाचं दुसरं फळ म्हणजे आर्ग्युमेंटांची अदलाबदल. लिस्ट_ॲडला आधी नवा नोड द्यायचा, मग टोक. उलटं दिलं तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण दोन्ही प्रकार सारखेच. यादी रिकामी असताना, आणि नवा नोड आधी इनिट केलेला (स्वतःकडेच वळवलेला) असेल तर, दोन नोड एकमेकांना जोडले जातात, म्हणून पहिली चाचणी पासही होते. दुसरा सेन्सर तसाच जोडला की टोक जुन्या साखळीतून निसटतं आणि पहिला सेन्सर यादीतून गायब होतो. विंडोज किंवा बीएसडीवरून (युनिक्स कुळातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून) आलेल्या माणसाकडून ही चूक जास्त होते: तिकडे इन्सर्टटेललिस्ट असो की टेलक्यू_इन्सर्ट_टेल, टोक आधी येतं. नावं नीट असली तर अदलाबदल वाचतानाच डोळ्यांना खुपते. ‘लिस्ट_ॲड_टेल(&से->खोली_नोड, &खोली->सेन्सर्स)’ ही ओळ उलटी लिहून पाहा.

आता लूपकडे. जुन्या ड्रायव्हरांत लिस्ट_फॉर_ईच आणि आत लिस्ट_एंट्री अशी दोन पायऱ्यांची पद्धत सापडते. ती सापडेल तिथे लिस्ट_फॉर_ईच_एंट्रीमध्ये बदलावी. एक चल आणि एक ओळ कमी होते. तसंच टोकाच्या नेक्स्टवर हाताने लिस्ट_एंट्री लावलेली असेल तिथे लिस्ट_फर्स्ट_एंट्री, आणि नोडच्या नेक्स्टवर असेल तिथे लिस्ट_नेक्स्ट_एंट्री लिहावी. दोन्हींत एक खड्डा आहे. यादी रिकामी असेल तर लिस्ट_फर्स्ट_एंट्री नल (‘काही नाही’ सांगणारा पॉइंटर) देत नाही. ती टोकालाच कपलर समजून त्यामागे एक वाघीण कल्पते आणि तिचा पत्ता हातात ठेवते. यादी रिकामी असू शकते असं वाटलं तर लिस्ट_फर्स्ट_एंट्री_ऑर_नल वापरावी. नाव लांब आहे, पण खरं सांगणारं आहे.

हाच खड्डा लूप संपल्यावर पुन्हा भेटतो, आणि तिथे तो जास्त घातक आहे. असा कोड पाहा:

लिस्ट_फॉर_ईच_एंट्री(से, &खोली->सेन्सर्स, खोली_नोड)
    इफ (से->क्रमांक == क्रमांक)
        ब्रेक;
इफ (!से)
    रिटर्न -ईएनओईएनटी;

वाचायला अगदी सरळ: सेन्सर सापडला नाही तर ईएनओईएनटी हा एरर परत द्यायचा. पण सेन्सर सापडला नाही तर ‘से’ नल नसतो. तो टोकावरून काढलेला खोटा पत्ता असतो. खालची तपासणी कधीच लागू पडत नाही आणि पुढचा कोड खोलीच्या स्ट्रक्चरमधली मेमरी सेन्सर समजून वाचतो, प्रसंगी तिच्यावर लिहितोही. मशीन लगेच कोसळत नाही, म्हणून दोष सापडायला दिवस जातात. लूपबाहेर वापरलेल्या याच पॉइंटरांवरून २०२२च्या सुरुवातीला कर्नलकारांमध्ये मोठी चर्चा झाली. लूपचं चल लूपच्या आतच जाहीर करता यावं हा त्यातला मुद्दा होता, आणि त्यातूनच कर्नलने १९८९च्या सी मानकाची ग्नू आवृत्ती सोडून ५.१८पासून २०११चं मानक धरलं. तरी लिस्ट_फॉर_ईच_एंट्रीला चल बाहेरूनच द्यावं लागतं, त्यामुळे शिस्त आपल्यालाच पाळावी लागते.

उपाय सोपा आहे. शोध वेगळ्या फंक्शनमध्ये काढायचा:

लिस्ट_फॉर_ईच_एंट्री(से, &खोली->सेन्सर्स, खोली_नोड) {
    इफ (से->क्रमांक == क्रमांक)
        रिटर्न से;
}
रिटर्न नल;

फंक्शनला ‘सेन्सर_शोधा’सारखं नाव दिलं की बोलावणाऱ्या जागी लूपच दिसत नाही. वेगळं फंक्शन करणं अवघड असेल तर ‘सापडलेला’ नावाचा दुसरा पॉइंटर नलने सुरू करावा, जुळणी झाली की त्यात ‘से’ टाकून ब्रेक घ्यावा आणि लूपनंतर फक्त ‘सापडलेला’ला हात लावावा. अशा चुका यंत्राने शोधायच्या असतील तर कर्नलच्या स्क्रिप्ट्स/कॉक्सिनेल/इटरेटर्स फोल्डरमध्ये यूज_आफ्टर_इटर आणि इटनल या तयार स्क्रिप्ट आहेत. कॉक्सिनेल हे कोडमधले नमुने शोधणारं साधन. मेक कॉक्सीचेकला मोड=रिपोर्ट, स्क्रिप्टचं नाव आणि आपल्या ड्रायव्हरचं फोल्डर दिलं की संशयित ओळींची यादी मिळते. सगळ्या ओळी चुकीच्या नसतात. प्रत्येक वाचूनच ठरवावं.

लिस्ट_फॉर_ईच_एंट्री_सेफ या नावाबद्दल तक्रार करायलाच हवी. ‘सेफ’ वाचून लोक समजतात की इतर थ्रेडपासूनही (त्याच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या कोडपासूनही) संरक्षण मिळालं. मिळत नाही. हा मॅक्रो पुढच्या नोडचा पत्ता आधीच काढून ठेवतो, म्हणून आत्ताचा नोड लूपमध्ये काढून टाकता येतो. हमी इतकीच. लूपच्या पोटात लॉक सोडून पुन्हा घेतला, आणि मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने तो पुढचाच नोड मोकळा केला, तर जपून ठेवलेला पत्ता मेलेला असतो. नोड काढायचा नसेल तिथेही सवयीने सेफ लिहिलेला दिसतो. त्याने वाचणाऱ्याची दिशाभूल होते: इथे कुठेतरी काढणं चाललंय असं समजून तो ते शोधत बसतो. काढत असू तिथेच सेफ, बाकी ठिकाणी साधा.

लॉक मध्ये सोडावाच लागत असेल तर दोन पद्धती स्वच्छ वाचल्या जातात. पहिली: लॉक घ्या, लिस्ट_स्प्लाइस_इनिटने सगळी यादी एका स्थानिक टोकावर हलवा, लॉक सोडा, मग स्थानिक यादीवर निवांत काम करा. मूळ यादी तिथेच रिकामी होते आणि नवे येणारे नोड तिच्यात जमत राहतात. दुसरी: दर फेरीत लॉकखाली पहिला नोड लिस्ट_फर्स्ट_एंट्री_ऑर_नलने काढा, यादीतून बाहेर घ्या, लॉक सोडून त्याचं काम करा, पुन्हा वर या. काम जड असेल, उदाहरणार्थ आयटूसी बसवरून सेन्सर वाचायचा असेल, तर पहिली पद्धत बरी. लॉक एकदाच घेतला जातो. लूपमधून लवकर परतताना अनलॉक विसरणं ही नेहमीची चूक टाळायला ६.५ आवृत्तीपासून क्लीनअप.एचमधला गार्ड मॅक्रो आहे. फंक्शनच्या तोंडाशी गार्ड लावला की कोणत्याही रिटर्नला लॉक आपोआप सुटतो आणि खालची गोटू-लेबलं नाहीशी होतात. लॉक बोलावणाऱ्याने घ्यायचा असेल तर फंक्शनची पहिली ओळ लॉकडेप_असर्ट_हेल्ड असावी. टीप कालांतराने खोटी पडू शकते, पण ही ओळ लॉकडेप (लॉकचा वापर तपासणारी कर्नलची सोय) चालू असलेल्या कर्नलवर स्वतःच ओरडते.

नोड काढण्याच्या बाबतीत लिस्ट.एचचा एक गुण वाचणाऱ्याच्या मुळावर येतो. लिस्ट_डेलला टोक लागत नाही. नोड दिला की तो जिथे असेल तिथून निघतो. लिहायला उत्तम, पण ‘लिस्ट_डेल(&से->नोड)’ वाचून तो कोणत्या यादीतून निघाला हे कळत नाही. नोडचं नाव बरोबर असेल तर हा प्रश्न आपोआप सुटतो, म्हणूनच नावांवर इतका जोर दिला. एका यादीतून काढून दुसरीत टाकायचं असेल तर डेल आणि ॲड अशा दोन ओळींऐवजी लिस्ट_मूव्ह_टेल लिहावं. हेतू एका शब्दात उतरतो.

याहून गोंधळाचा प्रकार म्हणजे नोडवर लावलेलं लिस्ट_एम्प्टी. लिस्ट_डेल_इनिटने काढलेला नोड स्वतःकडेच बोट दाखवतो, म्हणून ‘हा कोणत्या यादीत आहे का?’ हे विचारायला लिस्ट_एम्प्टी वापरण्याची पद्धत आहे. चालतं, पण वाचणारा ‘यादी रिकामी आहे’ असं वाचतो. हॅश टेबलासाठीच्या एचलिस्टमध्ये यासाठी एचलिस्ट_अनहॅश्ड असं नेमकं नाव आहे. साध्या यादीसाठी आपणच एका ओळीचं ‘सेन्सर_रांगेत_आहे’ असं इनलाइन फंक्शन लिहावं. मात्र हे फक्त डेल_इनिट वापरणाऱ्या नोडवर चालतं. साध्या लिस्ट_डेलनंतर नोडच्या दोन्ही पॉइंटरांत विष, म्हणजे मुद्दाम घातलेले खोटे पत्ते, भरलेलं असतं, आणि तपासणी ‘रांगेत आहे’ असं खोटं उत्तर देते.

हे विष ओळखता आलं पाहिजे. ६४ बिटवर पॉइंटरची सुरुवात ‘डेड’ या चार हेक्स अक्षरांनी होते आणि शेवट नेक्स्टसाठी १००, प्रीव्हसाठी १२२ असतो. जुन्या कर्नलमध्ये १२२च्या जागी २०० दिसेल. ३२ बिट एआरएमवर ‘डेड’ नसतं, नुसतंच १०० आणि १२२. एकच नोड दोनदा काढला की कर्नल कोसळतं ते बरोबर १००वर नव्हे. ते नेक्स्टच्या प्रीव्ह फील्डवर लिहिताना कोसळतं, म्हणून लॉगमधला पत्ता ६४ बिटवर १०८ने आणि ३२ बिटवर १०४ने संपतो. साध्या लूपमध्ये नोड काढून पुढे जायचा प्रयत्न केला असेल तर पत्ता १००च्या आसपास, फील्डच्या अंतरानुसार मागेपुढे दिसतो. विकासाच्या बोर्डावर कॉन्फिग_डीबग_लिस्ट हा कर्नलचा पर्याय चालू ठेवावा. साखळी तुटल्याचं तो तुटल्या जागीच, ‘लिस्ट_डेल करप्शन’ अशा शब्दांत सांगतं. ग्राहकाकडे जाणाऱ्या बोर्डासाठी ६.६पासून कॉन्फिग_लिस्ट_हार्डन्ड ही हलकी तपासणी आहे.

स्वतःचा फिरण्याचा मॅक्रो करायचा का? फॉर_ईच_प्रोसेससारखा मॅक्रो यादीचं टोक आणि फील्ड दोन्ही लपवतो आणि वाचायला छान लागतो. आमचं मत असं की तीनपेक्षा जास्त ठिकाणी तोच लूप येत असेल तरच करावा, आणि तो लिस्ट_फॉर_ईच_एंट्रीवरच बेतावा. मॅक्रोच्या पोटात गाळणीचा इफ घालायचा असेल तर तो उलटा करून ‘इफ (नको) {} एल्स’ असा लिहावा, नाहीतर वापरणाऱ्याचा एल्स भलत्याच इफला चिकटतो. कर्नलच्या ग्राफिक्स विभागात फॉर_ईच_इफ नावाने हीच युक्ती आहे. नवा मॅक्रो .क्लँग-फॉरमॅट फाइलच्या फॉरईचमॅक्रोज यादीत घालायला विसरू नये. विसरल्यास फॉरमॅटर त्याला साधं फंक्शन समजतो आणि कंसांची मांडणी बिघडवतो.

जुना ड्रायव्हर साफ करताना सगळं एका पॅचमध्ये (बदलांच्या एका गठ्ठ्यात) कोंबू नये. पहिला पॅच फक्त नावांचा. त्याच्या आधी आणि नंतर ऑब्जेक्ट फाइलचं डिसअसेंब्ली काढून डिफ करावं. नुसती नावं बदलली असतील तर मशीन कोड तसाच राहायला हवा. एरर मॅक्रोंत ओळ क्रमांक भरले जात असतील तर तेवढाच फरक दिसेल. दुसरा पॅच मॅक्रो बदलण्याचा. तिसरा वागणूक बदलणारा, म्हणजे लूपनंतरच्या खोट्या तपासण्या वगैरे. असे पॅच तपासणारा माणूस पहिला पाच मिनिटांत संपवतो आणि तिसऱ्यावर लक्ष देतो.

तुलना थोडक्यात. बीएसडीच्या क्यू.एचमध्ये टोक आणि नोडचे प्रकार वेगळे आहेत आणि टेलक्यू_फॉरईच संपल्यावर चल खरोखर नल होतो. या दोन मुद्द्यांवर ती लिस्ट.एचच्या पुढे आहे. पण टेलक्यूमधून नोड काढताना टोक सोबत न्यावं लागतं आणि कंपायलरचे संदेश लांबलचक येतात. फ्रीआरटीओएसच्या (मायक्रोकंट्रोलरसाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) लिस्टमधला प्रत्येक आयटम ३२ बिटवर २० बाइट खातो, कारण मालकाचा आणि यादीचाही पॉइंटर तो बाळगतो. वाचायला त्यामुळे सोपा. तिथे व्हीलिस्टइन्सर्टच्या लूपमध्ये बोर्ड अडकला तर बहुतेक वेळा दोष लिस्टचा नसतो. आधी स्टॅक ओव्हरफ्लो आणि कॉर्टेक्स-एमवरची (एआरएमच्या मायक्रोकंट्रोलर प्रोसेसरवरची) इंटरप्ट प्रायॉरिटी तपासावी.

सिंगल लिंक्ड लिस्टपुरतं एक. पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांना नोड काढताना ‘मागचा’ पॉइंटर आणि पहिल्या नोडसाठी वेगळा इफ लिहायची सवय असते. लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, २०१६च्या टेड मुलाखतीत हाच कोड पॉइंटरच्या पॉइंटरने इफशिवाय लिहून दाखवला होता. युक्ती उत्तम, मात्र चलाला ‘पीपी’ म्हणू नये. ‘दुवा’ म्हणावं, कारण तो नोड दाखवत नाही. नोडकडे नेणारा दुवा जिथे साठवला आहे ती जागा दाखवतो. तेवढ्या नावाने दोन तारकांची भीती जाते. सरावासाठी एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममधली मोकळ्या पानांची यादी घ्यावी, ती एका बैठकीत वाचून होते.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. लिस्ट.एच जीपीएल-२.० या, कोड खुला ठेवण्याची अट घालणाऱ्या, परवान्याखाली आहे. ती उचलून बंद फर्मवेअरमध्ये घालू नये. तिथे बीएसडीची क्यू.एच किंवा आवृत्ती १०पासून एमआयटी परवान्यावर आलेलं फ्रीआरटीओएस घ्यावं. आणि बोर्डासोबत आलेल्या एसडीकेमधलं (सॉफ्टवेअर संचातलं) कर्नल ३.९च्या आधीचं असेल तर तिथल्या एचलिस्ट_फॉर_ईच_एंट्रीला चार आर्ग्युमेंट लागतात. २०१३मध्ये त्यातला फुकटचा नोड पॉइंटर काढून तीन केले गेले, त्यामुळे नवा कोड तिथे तसाच नेला तर कंपाइल होणार नाही.